बटणांचा कागद

आधी माफी मागतो. लिहायला बसण्याइतका अधिकार माझा नाही. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिला, आणि मराठी लिहिता येणाराही बहुधा मीच पहिला. घरी आम्ही मराठीच बोलतो, पण ती तंजावरची. तुमच्याकडच्या माणसांनी ऐकली की त्यांना हसू येतं, मग कुणी म्हणतं, "अरे, माझे पणजोबा असं बोलायचे." उंबरा ओलांडला की आम्ही तमिळ बोलतो. सोलापूरला दिलेली माझी आत्या दरवर्षी जुने दिवाळी अंक खोक्यात भरून पाठवते. एका मे महिन्यात मी तिच्याकडे जाऊन राहिलो, तेव्हा तिनं माझ्याकडून बाराखडी घोटून घेतली. तेव्हापासून त्या अंकांवरच माझं मराठी चाललं आहे. माझ्या वाक्यांना कुठे मागून आणलेल्या कपड्यांचा वास आला तर समजून घ्या. आम्ही शिंपी, दुसऱ्यांचे कपडे आमच्या घरात नेहमीच असतात.

"आमच्या इथल्या अंकाला काहीतरी लिहून पाठव," आत्या परवा फोनवर म्हणाली.

"आमच्याकडे लिहिण्यासारखं काय आहे, आत्या?"

"मग दिवसभर करतोस काय?"

"दुकानात बसतो."

"तर दुकानाचं लिही. आणि फार विचार करू नकोस, तू लहानपणापासून विचार करत करत जेवण गार करतोस."

म्हणून दुकानाचं लिहितो. पण दुकानाचं म्हणता म्हणता ते एका बसचं होणार आहे, हे आधीच सांगून टाकतो.

आडि महिना लागला आहे. तुमच्याकडे आषाढ-श्रावण असतो तेव्हाचा हा आमचा महिना. यात लग्न नाही, मुंज नाही, नव्या घराची वास्तुशांत नाही, म्हणून शिंप्याला काम नाही. पट्टीश्वरमला देवळाच्या रस्त्यावर आप्पांचं दुकान आहे: दोन मशिनं, एक इस्त्री, एक आरसा आणि भिंतीवर विठोबाचं चित्र. या महिन्यात दुसऱ्या मशिनावर माझ्या वह्या असतात. मेट्टूरच्या धरणातून सोडलेलं पाणी एव्हाना आमच्या कालव्यापर्यंत पोचलेलं असतं. पहिले दोन दिवस ते तांबडं आणि फेसाळ असतं, लोक काठावर येऊन नुसते बघत उभे राहतात. आणि वारा असतो. आडिच्या वाऱ्यात पाटा-वरवंटासुद्धा उडतो असं इथे म्हणतात. लिंबाच्या वाटीत तेलाचे दिवे लावून दुर्गेपुढे ठेवणाऱ्या बायका आमच्या दुकानावरून जाताना पदराचा आडोसा करतात, तरी त्यातला एखादा दिवा विझतोच. मग आप्पा काडेपेटी पुढे करतात.

हा वारा सुटला की मला काळं कापड आठवतं.

आमचं गाव पट्टीश्वरमच्या पुढे आहे. कालव्याच्या काठानं पाऊण तास चाललं की लागतं. कुंभकोणमहून निघालेली चौदा नंबरची टाऊन बस पट्टीश्वरमला थांबून आमच्या गावच्या चिंचेखाली येऊन वळायची. सकाळी साडेसातला एक फेरी, संध्याकाळी साडेपाचला एक. दोन वर्षांपूर्वी आडिच्या पहिल्याच आठवड्यात ती यायची थांबली. पाटी नाही, सूचना नाही. पहिल्या दिवशी लोक नऊ वाजेपर्यंत चिंचेखाली उभे होते. "टायर फुटला असेल," म्हणाले. दुसऱ्या दिवशी "ड्रायव्हरच्या घरी काहीतरी झालं असेल," म्हणाले. चौथ्या दिवशी मला पट्टीश्वरमला कंडक्टर भेटला.

"आता इथूनच वळायचं," तो म्हणाला.

"कोणी सांगितलं?"

"वरून आलंय." त्यानं बोट वर केलं. मी वर पाहिलं. वर देवळाचं गोपूर होतं आणि त्यावर पोपट बसले होते.

माझी धाकटी बहीण रुक्कू, म्हणजे रुक्मिणी, त्याच जूनमध्ये कुंभकोणमच्या मुलींच्या कॉलेजात लागली होती. रसायनशास्त्र. तो शब्द घरात पहिल्यांदा आला तेव्हा अम्मा तो दोन दिवस तोंडात घोळवत होती. शाळेत मिळालेली सायकल रुक्कूकडे होती, पण मोठ्या रस्त्यावर वाळूच्या लॉऱ्या चालतात, अम्मा तिकडे सायकल नेऊ देत नाही. मग रुक्कू पहाटे उठून कालव्याच्या काठानं पट्टीश्वरमपर्यंत चालू लागली आणि तिथून बस धरू लागली. मी सोबत असायचो, पण रोज नाही. माझं कॉलेज दुपारच्या पाळीचं; मी परतायचो तोवर ती घरी पोचलेली असायची.

अम्मानं मुदत घातली. आमच्याकडचा खरा पाऊस दिवाळीच्या सुमाराला येतो. तेव्हा कालव्याचा काठ म्हणजे नुसता चिखल होतो, आणि सहा वाजताच काळोख पडतो. "दिवाळीपर्यंत पाहूं," अम्मा म्हणाली. "बस आली तर बरें. नाहीं आली तर रुक्कूनें घरीं बसावें, काजं करावीं. पाण्यांत पडून शिकायचें नाहीं."

रुक्कूनं त्या दिवशी वहीला घातलेलं नवं वेष्टण काढून पुन्हा नीट घातलं, एवढंच मला आठवतं.

आता इथे आमदारांचं सांगायला हवं. त्यांचं नाव लिहीत नाही. सगळे त्यांना अय्या, म्हणजे साहेब, म्हणतात. ते साधे वॉर्डाचे मेंबर होते तेव्हापासून त्यांचे पांढरे शर्ट आप्पा शिवतात. मापाच्या वहीत त्यांचं एक वेगळं पान आहे. पहिलं माप अडतीस छाती. मग चाळीस, बेचाळीस. आमदार झाले त्या वर्षी चव्वेचाळीस. आता शेहेचाळीस. पद आणि पोट एकाच वेगानं वाढलं. पूर्वी ते स्वतः यायचे, चौदा नंबरमधून उतरायचे, बाकावर बसून कॉफी प्यायचे. आता त्यांचे ड्रायव्हर मुरुगेसन अण्णा कापड घेऊन येतात. पण शिंपी त्यांनी बदललेला नाही. "रावजींच्या हातची कॉलर दुसऱ्याला जमत नाही," असं ते म्हणतात म्हणे. इथे मराठी माणसाला राव किंवा रावजीच म्हणतात, मग तो राजवाड्यातला असो की शिलाई मशिनावरचा.

बससाठी पहिल्यांदा उठल्या त्या पुष्पम् अक्का. त्या आमच्याच गल्लीतल्या. कुंभकोणमच्या एका मोठ्या कापडदुकानात साड्या उलगडून दाखवायचं त्यांचं काम. आडिच्या सेलमध्ये शंभर बायकांच्या गलक्यात आपला आवाज वर काढायची त्यांना सवय. त्यांनी चिंचेखाली सगळ्यांना बोलावलं आणि माझ्याकडे बोट दाखवलं. "हा कॉलेजात जातो. हा अर्ज लिहील."

अर्जाला इथे मनु म्हणतात. मी मनु लिहिला. सोमवारी तंजावरला कलेक्टर ऑफिसात मनु घेतात, तिथे आम्ही गेलो, रांगेत उभे राहिलो, शिक्का मारलेली पोच घेऊन आलो. तीन सोमवार गेलो. तिन्ही पोचपावत्या आप्पांनी बटणांच्या डब्यात ठेवल्या. नंतर आमदारांच्या ऑफिसात गेलो. तिथे एक मोठी खुर्ची होती, तिच्या पाठीवर पांढरा टॉवेल होता. माणूस नव्हता. बाजूच्या टेबलावरच्या गृहस्थांनी आमचा मनु एका ढिगावर ठेवला आणि उडू नये म्हणून वर पाण्याचा तांब्या ठेवला. निघताना मी मागे वळून पाहिलं. तांब्याचा ओला गोल कागदावर उमटला होता.

मग मोर्चा काढायचं ठरलं. झेंड्यांसाठी आप्पांकडे अस्तराचं काळं कापड होतं. आडिचा महिना, मशिनं रिकामी. आप्पा कापायला बसले आणि कापून झाल्यावर कडा दुमडून शिवू लागले.

"रावजी, हा निषेधाचा झेंडा आहे," पुष्पम् अक्का म्हणाल्या. "एका दिवसाचं काम. याला शिवण कशाला?"

"सूत निघतं," आप्पा म्हणाले.

"निघू द्या की."

"माझ्या दुकानातून सूत निघणारा झेंडा बाहेर जात नाही. मग तो कुणाच्या का विरुद्ध असेना."

चाळीस झेंडे. प्रत्येकाला चारी बाजूंनी दुहेरी शिवण. मी आणि रुक्कूनं बांबूच्या कामट्या ओवल्या. आजही आमच्या गावात दोन-तीन घरांत ते झेंडे आहेत. एकाचं पोळपाट झाकायचं फडकं झालं आहे. सूत अजून निघालेलं नाही.

त्या सकाळी पट्टीश्वरमहून कुंभकोणमच्या डेपोकडे आम्ही चालत निघालो. शेताकडच्या बायका, कापडदुकानातल्या मुली, दूधवाले, दोन म्हातारे गृहस्थ छत्र्या घेऊन. वारा समोरून होता. सगळे झेंडे मागे, म्हणजे आमच्याच तोंडावर यायचे. "वेंडुम् वेंडुम्!" पुष्पम् अक्का ओरडायच्या, हवी हवी, आणि आम्ही मागून म्हणायचो, "बस वेंडुम्!" माझा आवाज आधी निघेना. मी आयुष्यात रस्त्यावर ओरडलो नव्हतो. रुक्कूनं कोपर मारलं. "अण्णा, ओठ हालवितोस तें दिसतें, ऐकूं येत नाहीं." मग निघाला. निघाल्यावर मला माझा आवाज आवडला, हे इथे कबूल करतो.

अर्ध्या वाटेवर समोरून आमदारांची गाडी आली. आम्ही झेंडे वर केले. गाडीचा वेग कमी झाला, काच खाली आली, आणि अय्यांनी रस्त्याच्या दोन्ही बाजूंना उभी असलेली माणसं पाहून हसून हात जोडले. माणसं जमली म्हणजे स्वागताला, इतकीच त्यांची सवय. आणि खरी लाजेची गोष्ट पुढे आहे. आम्हीही हात जोडले. सगळ्यांनी. झेंडे काखेत धरून. समोरच्यानं वणक्कम् केला की आपण करायचा, हे आमच्या हातांना शिकवलेलं असतं. डोक्याला विचारायची वेळच येत नाही. गाडी निघून गेली. मग पुष्पम् अक्कांनी कपाळावर हात मारला. "अरे, आपण त्यांना निरोप दिला की काय!"

एवढ्या गोंधळात आप्पा गाडी गेली त्या दिशेला बघत होते. "डावी कॉलर दबलेली आहे," ते म्हणाले. "ही इस्त्री माझी नव्हे. दुसऱ्याकडून धुऊन आणलीय."

डेपोत साहेब नव्हते. आम्ही मनु खिडकीत दिला.

मग गावातल्या मुलांनी चिंचेच्या खोडावर पोस्टर लावलं. इथे कुणी गेलं की त्याचा मोठा फोटो छापून रस्त्यावर अश्रूंची अंजली वाहतात, खाली नातेवाइकांची नावं. मुलांनी चौदा नंबरचा फोटो टाकला, वर हार काढला, आणि "शोकाकुल" म्हणून खाली लिहिलं: चिंचेचं झाड, शाळेचा दप्तरांचा ढीग, पुष्पम् अक्कांचे गुडघे. त्याच संध्याकाळी आमदारांच्या माणसाचा सरपंचांना फोन आला. तुमच्या गावात कुणी मोठं माणूस गेलंय का, अय्यांनी भेटायला यायला हवं का? पुष्पम् अक्का पलीकडून ओरडल्या, "हो हो, यायला सांगा, लगेच सांगा!" मग आमदारांच्या माणसाला कुणीतरी खरं सांगितलं असावं. कोणी आलं नाही. पण त्या रात्री गाव फार हसलं.

माझ्या त्या दिवसांच्या आठवणीत हसणंच जास्त आहे. मागण्या ऐकल्या जात नव्हत्या, पाऊस जवळ येत होता, रुक्कूच्या चपलेचा अंगठा दोनदा तुटला होता, तरी हसणंच जास्त. त्याबद्दल मला कधीकधी अपराधी वाटतं. पण जे होतं ते होतं. एकेकटे पाऊण तास चालत होतो तेव्हा तो त्रास होता. चाळीस जण मिळून चालायला लागलो तेव्हा त्यात काहीतरी निराळं मिसळलं. त्याला नाव देण्याइतकं माझं मराठी अजून झालेलं नाही.

पंधरा ऑगस्टच्या आधी आमदारांचे दोन शर्ट शिवायला आले. झेंडावंदनाला नवे हवे होते. त्याच दुपारी पुष्पम् अक्कांनी मला सांगितलं होतं, आता थेट अय्यांच्याच नावानं, चांगल्या तमिळमध्ये एक मनु लिही. मी वही घेऊन दुकानात बसलो. शब्द सुचेनात. आप्पा अय्यांचीच कॉलर बसवत होते, तोंडात टाचण्या होत्या.

"आप्पा, काय लिहूं?"

टाचण्या काढून त्यांनी डब्यात ठेवल्या. "मीं सांगतों तें अवघें लिही," म्हणाले आणि बोलू लागले. आप्पा बाहेर फार मऊ बोलतात. पण आमच्या भाषेत रागावलं की रस्त्यावर कुणालाच कळत नाही, ही सोय आमच्या लोकांना तीनशे वर्षं मिळाली आहे आणि ती आम्ही पुरेपूर वापरतो. मी वर "श्री" काढली आणि ते बोलले तसं देवनागरीत उतरवत गेलो, अक्षर सुधारायची संधी म्हणून:

"तुला मीं ओळखतों, तूं मला ओळखतोस. तुझ्या छातीचें माप माझ्या वहींत हाय. अडतीस होतें तेव्हां तूं आमच्याबरोबर बसमध्यें उभा राहत होतास. आतां शेहेचाळीस जालें, आतां तुला बस दिसत नाहीं. माझी पोर पाऊण तास चालत्ये. पाऊस आला कीं तिचें कॉलेज गेलें. मेल्या, वीस वर्षें तुझी कॉलर मीं सरळ बसवितों. तूं एक बस सरळ आणून सोड."

मग मी त्याचं तमिळ केलं. "माननीय अय्यांच्या चरणी नम्र विनंती" असं सुरू झालं आणि शेवटपर्यंत नम्रच राहिलं. रुक्कूला तमिळ कागद वाचून दाखवला, मराठी कागदही वाचून दाखवला.

"तमिळांतला आप्पा दुसराच कोणी हाय," ती म्हणाली. मग तिला युक्ती सुचली. "आप्पा, ऑफिसांत दिला तर तांब्याखालीं जाईल. तुम्ही शर्टाच्या खिशांत घाला. खिशांतलें ते स्वतः काढतील."

आप्पांनी मशीन थांबवलं. ते रागावले नाहीत, पण मी त्यांना इतकं ठाम फार कमी वेळा पाहिलं आहे. "गिऱ्हाईकाचा खिसा हा गिऱ्हाईकाचा. त्यानें मागितलें असेल तेंच त्यांत जाईल. मोर्च्यांत मीं येतों, झेंडा मीं शिवितों, पण गळ्यांत टेप असतां मीं शिंपी हाय."

विषय संपला. तमिळ मनु मी दुसऱ्या दिवशी कुंभकोणमला ऑफिसात नेऊन दिला. तांब्या तिथेच होता.

परत आलो तेव्हा मुरुगेसन अण्णा शर्ट घेऊन गेले होते. मला आप्पांचं बोलणं पुन्हा वाचावंसं वाटलं, त्यातलं "आणून सोड" मला फार आवडलं होतं. वही उघडली. कागद नव्हता.

"आप्पा, इथें एक कागद होता."

"सोलापूरच्या अक्षरांचा? तुझा सरावाचा तो? बटणांना घेतला."

शर्ट तयार झाला की आप्पा उरलेल्या कापडाचा तुकडा आणि दोन जादा बटणं यांची कागदात पुडी करून वरच्या खिशात ठेवतात. वीस वर्षांची रीत. तमिळ कागद असता तर त्यांनी वाचला असता. पण आप्पांना स्वतःच्या भाषेची अक्षरं येत नाहीत. त्यांनी आपलंच बोलणं घडी घालून, त्यात दोन बटणं ठेवून, आमदारांच्या खिशात पाठवलं होतं.

मी सांगितलं तेव्हा ते स्टुलावर बसले. "मेल्या म्हटलें होतें, नाहीं कां?" त्यांनी विचारलं.

"हो."

"लिहिलेंस?"

"तुम्हीच म्हणालां होतां, अवघें लिही."

रुक्कू मापाच्या वहीत तोंड खुपसून हसत होती. "वाचणार कोण, अण्णा? त्यांच्या घरीं मराठी कोणाला येतें?" मलाही तेच वाटलं, आणि वाटताच थोडं वाईटही वाटलं. तमिळमध्ये सांगितलं ते त्यांनी ऐकलं नाही, आणि जे खरं सांगायचं होतं ते त्यांना कळणार नव्हतं. आप्पांना मात्र त्याचं काही नव्हतं. गिऱ्हाईकाच्या खिशात न मागितलेलं गेलं, एवढंच त्यांना लागलं होतं. दोन दिवस ते नीट जेवले नाहीत.

पंधरा ऑगस्टला अय्या पट्टीश्वरमच्या शाळेत झेंडावंदनाला आले. आम्ही फाटकाशी उभे राहिलो. कॉलर दोन्ही बाजूंनी अगदी सारखी बसली होती. पातळ पांढऱ्या कापडातून वरच्या खिशात घडी केलेला कागद दिसत होता. भाषणात ते म्हणाले, "तुमची दुःखं मी इथे बाळगतो," आणि त्यांनी हात छातीवर, बरोबर खिशावर ठेवला. रुक्कूनं माझा हात इतका घट्ट धरला की नखं रुतली. आप्पा जमिनीकडे बघत होते.

त्यानंतर काहीच घडलं नाही. कोणी रागावून आलं नाही, कोणी बोलावलं नाही. पुढचे शर्टही आप्पांकडेच आले. आम्ही हळूहळू तो कागद विसरलो, किंवा विसरल्यासारखं केलं.

पुष्पम् अक्का मात्र थांबल्या नाहीत. रोज सकाळी साडेसातला, न येणाऱ्या बससाठी, सगळ्या बायका चिंचेखाली झेंडे घेऊन दहा मिनिटं उभ्या राहायच्या आणि मग चालायला लागायच्या. आडि गेला, आवणी गेला, पुरट्टासी गेला. ऐप्पसीचा पहिला पाऊस पडून गेल्यावर, दिवाळीला आठ दिवस असताना, एका सोमवारी चौदा नंबर आली. तशीच, सूचना न देता. ड्रायव्हरनं खिडकीतून मान काढली. "सकाळची फेरी परत दिलीय. संध्याकाळचं मला विचारू नका."

कोणीतरी चाकाखाली लिंबू ठेवलं. कोणीतरी कापूर लावला. रुक्कू पहिल्या पायरीवर पाय ठेवून थांबली, मागे वळून अम्माकडे पाहिलं. अम्मानं हातानंच "जा जा" केलं, उगाच रागावल्यासारखं, आणि पदर डोळ्यांना लावला.

बस का आली, हे कुणालाच नक्की सांगता येत नाही. आमदारांच्या माणसांनी अय्यांचे आभार मानणारं पोस्टर लावलं. पुष्पम् अक्का म्हणाल्या, आमच्या गुडघ्यांचे आभार माना. माझ्या वर्गातला एक मित्र म्हणाला की डेपोत नवे साहेब आले असतील. मला विचाराल तर, मी तेव्हा इतिहासाचा विद्यार्थी होतो आणि आता एम.ए. करतो आहे, तरी हा एवढासा इतिहाससुद्धा मला उलगडलेला नाही. पण मी समाधानी आहे. रुक्कू आता शेवटच्या वर्षाला आहे. संध्याकाळची बस अजून आलेली नाही. माझं कॉलेज आता सकाळचं, म्हणून मी पाचनंतर पट्टीश्वरमला थांबतो आणि आम्ही दोघं कालव्याकाठानं चालत येतो. ती मला आम्लं आणि क्षार समजावते, मी तिला चोळ राजे समजावतो. दोघांनाही एकमेकांचं फारसं कळत नाही. ह्या चालण्याची मला सवय नव्हे, आवड लागली आहे. पण ह्या वर्षी तिची प्रॅक्टिकल्स उशिरापर्यंत आहेत, पाऊस येणारच आहे, आणि अम्मानं पुन्हा काजांची गोष्ट काढली आहे. चिंचेखाली झेंडे पुन्हा निघाले आहेत. मनु पुन्हा तांब्याखाली गेला आहे.

लेख मी इथेच संपवणार होतो. काल दुपारी संपवलाच होता. तेवढ्यात मुरुगेसन अण्णा आले, काखेत पांढरं कापड. बाकावर बसले, कॉफी घेतली.

"रावजी," ते म्हणाले, "दोन वर्षांपूर्वी तुम्ही बटणांच्या पुडीत एक कागद घातला होता."

आप्पांच्या हातातली कात्री थांबली.

"अय्यांना तो पंधरा ऑगस्टच्या सकाळी सापडला. वर श्री, खाली सगळी देवाची अक्षरं. तुमच्या कपाळावर नाम, भिंतीवर विठोबा. त्यांना वाटलं, तुम्ही त्यांच्यासाठी मंत्र लिहून दिला. त्यांनी तो काचेत बसवून देवघरात ठेवलाय. बटणंसुद्धा. दर शुक्रवारी देवळातले पुजारी, गुरुक्कळ, येतात, त्यांना ती अक्षरं वाचता येतात, अर्थ येत नाही. ते मोठ्यानं म्हणतात आणि अय्या हात जोडून, डोळे मिटून, पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकतात. एक शुक्रवार चुकलेला नाही."

बाहेर वारा होता. मी मनात मोजू लागलो: दोन वर्षांचे शुक्रवार. दर शुक्रवारी, कापराच्या वासात, "माझी पोर पाऊण तास चालत्ये."

"त्यात बस हा शब्द तीनदा येतो," मुरुगेसन अण्णा कॉफीचा शेवटचा घोट घेत म्हणाले. "गुरुक्कळ म्हणतात, ते बीजाक्षर आहे. मी काही बोललो नाही. मी ड्रायव्हर आहे, रावजी. बस मला कळते."

त्यांनी कापड टेबलावर ठेवलं. "निवडणूक आली. अय्यांनी सांगितलंय, मंत्राला गुण आहे. ह्या शर्टाच्या खिशात नवा एक लिहून द्यायला रावजींना सांग."

ते गेल्यावर आप्पांनी ते कापड हातानं सारखं केलं. मग त्यांनी चष्मा पुसला, माझ्याकडे पाहिलं, आणि आमच्या भाषेत म्हणाले,

"आतां गिऱ्हाईकानेंच मागितलें हाय, पांडू. कागद आण. या खेपेस तमिळांत लिही."